झाडांना मत नसतं, तुम्हाला आहे!

कापडी पिशवी झाली, स्टीलची बाटली झाली, कंपोस्टचा डबाही झाला. बोटावरची शाई मात्र राहिली!

माझ्या ओळखीतली निम्मी मंडळी हल्ली एकदम ‘ग्रीन’ झाली आहेत. ऑफिसच्या बॅगेत कापडी पिशवी, डेस्कवर स्टीलची बाटली, शहाळेवाल्याने प्लॅस्टिकचा स्ट्रॉ पुढे केला की लगेच ‘नको नको!’. पावसाळ्यात आरेत पक्षी बघायला जायचं आणि रविवारी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा उचलायला. मला ही मंडळी मनापासून आवडतात, कारण मीही त्यातलीच एक आहे. पण मतदानाचा विषय काढा, की चेहरे बघण्यासारखे होतात. ‘माझं नाव अजून साताऱ्याच्या यादीत आहे गं.’ ‘भाड्याचं घर, दर वर्षी पत्ता कोण बदलत बसणार?’ ‘आणि दिलं तरी काय, सगळे सारखेच!’

खरंच सारखे? मग आपल्या शहरातल्याच एका मीटिंगची गोष्ट ऐका.

८० हजार हरकती, १४ मतं

२९ ऑगस्ट २०१९. मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे प्रस्ताव होता, मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेतली २,६४६ झाडं हलवण्याचा. त्यातली २,१८५ तोडायची आणि ४६१ दुसरीकडे लावायची. त्याआधी लोकांकडून सूचना-हरकती मागवल्या होत्या आणि त्या ८० हजारांहून जास्त आल्या. माझ्या आठवणीत एखाद्या झाडासाठी मुंबईकरांनी एवढं कधी लिहिलं नव्हतं.

आणि निकाल? बाजूने ८, विरोधात ६. प्रस्ताव मंजूर! एक जण जरी इकडचा तिकडे गेला असता, तरी ७-७ झालं असतं. त्यानंतर प्राधिकरणावरच्या दोन तज्ज्ञ सदस्यांनी राजीनामेही दिले, पण मंजुरी कागदावर आली ती आलीच. ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सोमवारी, ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं पडली होती.

आता महत्त्वाचा प्रश्न. हे वृक्ष प्राधिकरण असतं कोण? १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांविषयीच्या कायद्यानुसार महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात, सोबत काही तज्ज्ञ असतात आणि असतात आपले नगरसेवक! होय, तेच, ज्यांचं नाव आपल्याला फक्त गणेशोत्सवाच्या बॅनरवर दिसतं. हरकत म्हणजे विनंती असते. ती वाचून काय करायचं, हे ठरवणारी माणसं आपण मतदानातून तिथे बसवलेली असतात. किंवा आपण घरी बसलो म्हणून दुसऱ्या कुणीतरी बसवलेली असतात.

मेट्रो हवी की झाडं, यावर तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं असू शकेल. मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील, हाही पर्यावरणाचाच मुद्दा आहे. वाद जरूर घाला. पण ते मत फक्त कॅन्टीनच्या टेबलावर राहिलं, तर त्याचा हिशोब कुणीच धरत नाही.

चिठ्ठीवर ठरलेला नगरसेवक

‘माझ्या एका मताने काय होणार?’ हा सगळ्यांचा लाडका डायलॉग. त्याचं उत्तर गिरगावात आहे. फेब्रुवारी २०१७ च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये पहिल्या दोन्ही उमेदवारांना ५,९४६ मतं पडली. अगदी सारखी! शेवटी चिठ्ठी काढून नगरसेवक ठरवावा लागला. म्हणजे त्या दिवशी घरी सिनेमा बघत बसलेल्या कुणाही एकाने खाली उतरून बटण दाबलं असतं, तर चिठ्ठीची वेळच आली नसती.

लोकसभेला लाखोंच्या फरकाने निकाल लागतात, तिथे आपलं मत समुद्रातला थेंब वाटणं मी समजू शकते. पण प्रभागाचा हिशोब काही हजारांचा असतो. तुमच्या सोसायटीच्या चार विंग्ज ठरवून खाली उतरल्या, तर निकालावर परिणाम होऊ शकतो. गंमत म्हणजे कचऱ्याचं वर्गीकरण, नाले, बागा, रस्त्यावरची झाडं अशा आपल्या जिव्हाळ्याच्या बऱ्याच गोष्टी याच सभागृहाच्या टेबलावर येतात. महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट होतं ७४,४२७ कोटी रुपये. यातले किती काँक्रीटला आणि किती हिरवळीला, हे काही आपोआप ठरत नाही!

सोमवार, गुरुवार, कोणताही वार

मुंबईकर मतदानाला का येत नाहीत, यावर एक जुनी थिअरी आहे: लाँग वीकेंड. २०१९ च्या एप्रिलमधलं लोकसभेचं मतदान सोमवारी होतं, ऑक्टोबरमधलं विधानसभेचंही सोमवारी आणि मे २०२४ चं पुन्हा सोमवारीच. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी म्हटल्यावर लोणावळा आठवणारच! म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने विधानसभेसाठी मुद्दाम बुधवार निवडला. जानेवारी २०२६ ची महापालिका निवडणूक झाली गुरुवारी. तरीही मतदान निम्म्याच्या थोडंच पुढे सरकलं. तेव्हा दोष वाराचा नव्हता, असंच म्हणायला हवं.

मला त्या ऑक्टोबरचं जास्त वाईट वाटतं. आरेतली झाडं पडून जेमतेम अडीच आठवडे झाले होते. सगळ्यांचे स्टेटस हिरवे होते, संताप ताजा होता. आणि २१ तारखेला मुंबईतले जवळपास निम्मे मतदार केंद्राकडे फिरकलेच नाहीत.

‘पण सगळे सारखेच ना?’

सारखे असते, तर ८ विरुद्ध ६ झालं नसतं, १४ विरुद्ध शून्य झालं असतं! २०२० मध्ये राज्य सरकारने कारशेड कांजूरमार्गला हलवायचं ठरवलं. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि ते परत आरेत आलं. खुर्चीवर कोण बसलंय, याने फरक पडतो, हे यातून दिसतंच. मत दिलं की आपल्याला हवं तेच होईल, याची गॅरंटी कुणीही देणार नाही, निकालानंतर होणाऱ्या उलथापालथींची तर नाहीच. पण उमेदवाराला मतदार यादीतली नावं दिसतात. त्या यादीत ‘झाडांबद्दल विचारणारी माणसं’ नसतील, तर त्याने आपल्यासाठी वेळ का घालवावा?

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं मुंबई महापालिकेत लोकांनी निवडून दिलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक कारभार बघत होते. आता नगरसेवक आहेत. त्यांना प्रश्न विचारायला पुढच्या निवडणुकीची वाट बघायची गरज नाही. आणि २०२९ च्या लोकसभा-विधानसभेसाठी यादीत नाव घालायला आजचा लंच ब्रेकही पुरेल.

एवढं कराच!

* पहिल्यांदाच नाव नोंदवताय? फॉर्म ६ भरा. घर बदललंय? फॉर्म ८. दोन्ही ऑनलाइन भरता येतात.
* नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. ज्या शहराची हवा रोज तुमच्या फुप्फुसात जाते, तिथेच ठेवा.
* महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते, विधानसभेची यादीच वापरली जाते. ऐनवेळी धावपळ करून नाव लागत नाही.
* धाकट्या भावंडांना सांगा: १८ पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात (१ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर) आणि अर्ज १७ व्या वर्षीच करून ठेवता येतो.
* लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला पगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. बॉसपुढे बिनधास्त मागा.
* अडलं तर १९५० या हेल्पलाइनवर फोन फिरवा.
* आपल्या नगरसेवकाला एक पत्र लिहा: ‘आपल्या प्रभागात या वर्षी किती झाडं तोडायला परवानगी मिळाली आणि तुमचं मत काय होतं?’ खाली सही करताना मतदार यादीतला तुमचा क्रमांक लिहायला विसरू नका!