पदवी हाती आली. आता हे वर्ष पडीक ठेवू नका



‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असे आपले वाडवडील म्हणत. आज घरोघर ही म्हण उलटी झाली आहे. मुलगा किंवा मुलगी बी.एस्सी. कृषी झाली, की पाहुणेरावळे पहिला प्रश्न विचारतात, “मग, नोकरीचं काय?” प्रश्न गैर नाही. चार वर्षांच्या फीसाठी आणि खानावळीसाठी कोणी दुभती म्हैस विकलेली असते, कोणी सोसायटीच्या कर्जाचे नवे-जुने करून दिवस काढलेले असतात. त्या पैशाचे चीज व्हावे असे आईबापांना वाटणारच.

पण राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांतून आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो मुले हीच पदवी घेऊन बाहेर पडतात. सर्वांच्या हाती कागद सारखाच. मग निवडणाऱ्याने तुम्हालाच का निवडावे? या प्रश्नाचे उत्तर पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात तयार करावे लागते. ते कसे करावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

सरकारी परीक्षा द्या, पण मुदत ठरवून

राज्य लोकसेवा आयोगामार्फत भरली जाणारी कृषी सेवेची पदे, कृषी सेवकांची भरती आणि बँकांतील कृषी अधिकाऱ्यांची परीक्षा हे तीन मार्ग बहुतेकांना ठाऊक आहेत. ते जरूर चोखाळावेत. बँकेच्या परीक्षेत शेतीच्या ज्ञानाबरोबर इंग्रजी, गणित आणि तर्कबुद्धी यांचीही कसोटी लागते, आणि वयाची अट साधारणपणे २० ते ३० वर्षांची असते. आमच्या मुलांचा पाय बहुधा इंग्रजीत अडकतो. म्हणून रोज तासभर इंग्रजी वाचावे आणि दहा ओळी स्वतः लिहाव्यात.

मात्र भरती दरवर्षी निघेलच असे नसते. ‘एकच वर्ष’ म्हणून पुण्याला खोली घेऊन राहिलेली मुले पाच-सहा वर्षे तेथेच राहतात. घरून पैसे जात राहतात, वय वाढते, आणि खासगी कंपनीने “इतकी वर्षे काय केले?” असे विचारले की सांगण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा आजच वडिलांसमोर बसून ठरवा: किती प्रयत्न, किती वर्षे आणि किती खर्च. आकडा वहीत लिहा. आणि अभ्यास चालू असतानाच खाली सांगितलेली कामेही करा. आंतरपीक घेतल्याने मुख्य पीक बुडत नाही.

येथे पालकांना एक सावधगिरीची सूचना. “पैसे भरा, पोराला चिकटवून देतो” असे म्हणणारा कोणीही असो, त्याला दारातूनच परत पाठवा. परीक्षा शुल्काखेरीज सरकारी भरतीत एक पैसाही द्यावा लागत नाही. जमीन गहाण टाकून असे पैसे दिलेली घरे पुढे नोकरीलाही मुकतात आणि जमिनीलाही.

मुलाखतीत काय विचारतात?

बियाणे, खते, ठिबक सिंचनाच्या कंपन्या, द्राक्ष-डाळिंबाचे निर्यातदार, शेतकरी उत्पादक कंपन्या या सर्वांना शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून उत्तर देणारा माणूस हवा असतो. व्याख्या पाठ असणे तेथे पुरत नाही. एक साधे उदाहरण घ्या.

बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश द्यायचे आहे. शेतकरी विचारतो, “माझ्या एका एकराला गोण्या किती आणू?” हेक्टर म्हणजे अडीच एकर धरले, तर एकरी ४८, २४ आणि १६ किलो अन्नद्रव्ये लागतील. डीएपीत ४६ टक्के स्फुरद असते, म्हणून २४ किलो स्फुरदासाठी सुमारे ५२ किलो डीएपी. त्यातच १८ टक्क्यांप्रमाणे ९ किलोंहून थोडे अधिक नत्र आले. उरलेल्या साडेअडतीस किलो नत्रासाठी सुमारे ८४ किलो युरिया, आणि पालाशासाठी २७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोंची झाली आहे, म्हणजे दोन गोण्यांना थोडा कमी. डीएपीची ५० किलोंची एक गोणी आणि वर दोन किलो.

हे गणित कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत मांडता आले पाहिजे. तसेच कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाच्या रंगांचा क्रम: लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, हे लेबलावर कोठे असते? निर्यातीच्या मालाला हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण औषधाचा अंश जादा आढळला तर माल नाकारला जातो. अशा पंचवीस-तीस प्रश्नांची स्वतःची वही तयार करा.

गावातच अनुभव मिळवा

“अनुभव असेल तर नोकरी, आणि नोकरी मिळाली तर अनुभव, मग सुरुवात कोठून करायची?” ही नवपदवीधरांची तक्रार रास्त आहे. पण अनुभव म्हणजे पगारी नोकरीच असे नाही.

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी उगवणशक्ती तपासावी, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. प्रत्यक्षात कितीजण तपासतात? तुम्ही मे महिन्यात गावातील पंचवीस शेतकऱ्यांच्या बियाण्याची तपासणी करून द्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरे गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे आणि पाच ते सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरी ३० किलोंचे नेहमीचे प्रमाण चालेल. साठ उगवले तर ३५ किलोंपर्यंत वाढवावे लागेल. साठाच्याही खाली गेले तर ते बियाणे पेरू नये, असे सांगा.

प्रत्येक शेतकऱ्याचे नाव, वाण, तारीख, उगवण आणि पुढे शेतात उभे राहिलेले पीक, सारे एका वहीत नोंदवा. या कामाचे पैसे मिळणार नाहीत. पण बियाणे कंपनीच्या मुलाखतीत ही वही टेबलावर ठेवली, तर साहेब ती उघडून पाहिल्याखेरीज राहणार नाही.

शेवटच्या वर्षी कृषिदूत किंवा कृषिकन्या म्हणून तुम्ही खेड्यात राहिलात. ते दिवसही कामी आणा. अर्जात “मी कष्टाळू व होतकरू आहे” असे सर्वच लिहितात. त्याऐवजी “कार्यानुभवाच्या काळात चौदा शेतकऱ्यांच्या शेतातील मातीचे नमुने घेतले व अहवाल समजावून सांगितले” असे लिहा. मात्र जेवढे केले तेवढेच लिहा. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला खोटे उघडे पडते.

याखेरीज तीन गोष्टी याच वर्षी उरकून घ्या. पहिली, दुचाकीचा परवाना, कारण फिरतीच्या नोकरीत तो पहिल्या दिवसापासून लागतो. दुसरी, संगणकावर मराठी टंकलेखन आणि हिशेबाचे तक्ते. तिसरी, शेतकऱ्यांची ऑनलाइन कामे. ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू झाली, तरी अजून कितीतरी वडीलधाऱ्यांना ती करता येत नाही. त्यांना मदत करा. तुमचा हात बसेल आणि गावात नाव होईल.

नोकरीखेरीज दुसरी वाट

कृषी पदवीवर बियाणे, खते व कीटकनाशके यांच्या विक्रीचे परवाने मिळू शकतात. केंद्र सरकारची कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना २००२ पासून आहे. तिच्यात प्रशिक्षण आणि कर्जाला जोडलेले अनुदान यांची सोय आहे. सध्याच्या अटी तालुका कृषी कार्यालयात आणि बँकेत विचारून घ्याव्यात. पण दुकान टाकण्यापूर्वी वर्षभर दुसऱ्याच्या कृषी सेवा केंद्रात काम करावे, हा माझा सल्ला. उधारी कशी वाढते आणि कशी वसूल होते, हे गल्ल्याच्या मागे उभे राहिल्यावरच कळते.

ज्यांची पदवी बी.ए. किंवा बी.कॉम. आहे त्यांनीही निराश होऊ नये. गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना हिशेब, जीएसटी आणि साठ्याची नोंद चोख ठेवणारी माणसे लागतात.

पालकांसाठी दोन शब्द

मुलीला बी.एस्सी. कृषी केलेत, आता “फिरतीची नोकरी नको” म्हणून तिला घरी बसवू नका. माती परीक्षण आणि बीज परीक्षण प्रयोगशाळा, ऊतिसंवर्धन रोपवाटिका, बँका येथे मुली उत्तम काम करतात, आणि बांधावरही करतात. मुलाची पहिली नोकरी कमी पगाराची व जिल्ह्याबाहेरची असली, तर “इतक्यासाठी का शिकवले?” असे त्याला ऐकवू नका. दोन वर्षांचा अनुभव गाठीशी आला, की दुसरी नोकरी मागताना त्याला बळ येते. तोवर त्याला घराचा आधार हवा.

आणि मुलांनो, येत्या रविवारी एवढे करा. नवी वही घ्या. पहिल्या पानावर परीक्षांच्या तारखा आणि घरी ठरलेली मुदत, दुसऱ्या पानावर अर्ज करायच्या दहा ठिकाणांची नावे, आणि तिसऱ्या पानावर गावातील ज्या पंचवीस शेतकऱ्यांकडे तुम्ही जाणार आहात त्यांची यादी लिहा. सोमवारी सकाळी त्यातल्या पहिल्या शेतकऱ्याच्या बांधावर जा.