गावाच्या इतिहासाची साधने : पांढरीपासून दफ्तरापर्यंत

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांचा इतिहास कोणी इतिहास म्हणून लिहून ठेवलेला नाही. सारा ठरवायचा होता म्हणून जमिनी मोजल्या गेल्या, पाटीलकीचा तंटा उभा राहिला म्हणून साक्षी उतरवून घेतल्या गेल्या, देवळाला इनाम दिले म्हणून दगडावर अक्षरे कोरली गेली. या कामकाजाची कागदपत्रे आणि खुणा हीच आज गावाच्या इतिहासाची साधने आहेत. जुना वाडा, घाट, बारव किंवा मंदिर जतन करायचे असेल तर तीच उपयोगी पडतात. मात्र प्रत्येक साधन कोणत्या कारणाने निर्माण झाले, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे लागते.

जमिनीतला पुरावा

गावाची वस्ती जिथे असते ती पांढरी आणि शेती असते ती काळी. शेकडो वर्षे एकाच जागी राख, शेण, माती आणि पडक्या भिंतींचा थर साचून पांढरीची टेकाडे झाली आहेत. त्यांच्या कडेला नांगरटीत किंवा नदीच्या दरडीत खापरे उघडी पडतात. वस्ती किती जुनी, याचा पहिला अंदाज त्या खापरांवरून येतो.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव हे याचे सर्वात सविस्तर अभ्यासलेले उदाहरण. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम येथे उत्खनन केले. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष सापडले. मधल्या काळात मोठी चौकोनी घरे, धान्यकोठार आणि पाण्याचा पाट होता. शेवटच्या टप्प्यात त्यांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी या बदलाचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. कागद नसतानाही गावाची भरभराट आणि ओहोटी वाचता येते ती अशी.

दगड आणि तांबे

लेखी पुराव्याची सुरुवात ताम्रपट आणि शिलालेखांपासून होते. दानाच्या ताम्रपटात दिलेल्या गावाच्या चतुःसीमा सांगितलेल्या असतात, त्यामुळे शेजारची गावे, ओढे आणि वाटाही नोंदल्या जातात. आठव्या शतकातील राष्ट्रकूट ताम्रपटांत पुण्याच्या परिसराचा विषय, म्हणजे प्रशासकीय विभाग म्हणून, उल्लेख येतो. अलिबागजवळच्या आक्षी येथील शके ९३४ चा लेख मराठीच्या सर्वात जुन्या लेखांत गणला जातो.

गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात पडलेल्या वीरगळांकडे सहसा दुर्लक्ष होते. गुरांच्या लुटीत, चकमकीत किंवा लढाईत पडलेल्या माणसांचे हे स्मारक असते. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. दान मोडणाऱ्याला शाप देणारे गद्धेगाळ हा दान दिल्याचा पुरावा असतो, म्हणून ज्या जमिनीशी तो जोडलेला आहे तिथून हलवला तर त्याचे निम्मे मोल जाते. शेंदूर, तैलरंग आणि सिमेंट यांमुळे अशा दगडांवरची अक्षरे झाकली जातात. त्यामुळे छायाचित्र, ठसा आणि जागेची नेमकी नोंद हे जतनाचे पहिले काम ठरते.

वतनाचे तंटे

सतराव्या आणि अठराव्या शतकांसाठी सर्वात बोलके साधन म्हणजे महजर. पाटीलकी, कुलकर्ण किंवा शेताची हद्द यावरून वाद झाला की गोतसभा भरे, दोन्ही बाजूंची हकीकत लिहून घेतली जाई आणि निवाडा होई. वादी आपला हक्क सिद्ध करण्यासाठी कित्येक पिढ्या मागे जाई : मूळ पुरुष कोण, गाव ओस कधी पडले, परत वसवले कोणी, दुष्काळात कोण परागंदा झाले. साक्षीदार पाटलाच्या नावापुढे नांगर आणि इतरांच्या नावापुढे त्यांच्या व्यवसायाच्या हत्यारांची खूण असते. त्यामुळे त्या दिवशी गावात कोणकोणते बलुतेदार हजर होते हेही कळते.

पण महजर हा पक्षकारांचा कागद आहे. मूळ पुरुषाची कथा जितकी जुनी तितका हक्क बळकट, म्हणून ती मागे ताणण्याची ओढ त्यात असते. बनावट कागदांचीही कमतरता नव्हती. प्रतिपक्षाची हकीकत आणि त्याच काळातील हिशेबी कागद यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्यातला मजकूर स्वीकारता येत नाही.

वसाहतीच्या इतिहासासाठी कौलनामे याहून थेट पुरावा देतात. ओस गाव पुन्हा लावायला येणाऱ्यांना सरकार कौल देई. पहिली वर्षे सारा नाममात्र आणि पुढे दरसाल चढता, या पद्धतीला इस्तावा म्हणत. १६३० च्या सुमारास विजापूरच्या फौजेने पुणे बेचिराख केले. त्यानंतर दादोजी कोंडदेवाच्या कारभारात परगणा पुन्हा लागवडीखाली आणताना अशाच सवलती दिल्या गेल्या. एखाद्या गावात मिरासदारांपेक्षा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या शेतकऱ्यांपेक्षा, बाहेरून आलेले उपरी जास्त दिसू लागले, तर तिथे नव्याने वस्ती झाल्याचा संशय घेता येतो.

दफ्तरखाने

हे कागद आज तीन ठिकाणी सापडतात : सरकारी पुराभिलेखागारात, संशोधन संस्थांत आणि जुन्या घराण्यांच्या पेट्यांत. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर हा सर्वात मोठा साठा. १८१८ नंतर इंग्रजांनी ते ताब्यात घेतले, आणि इनामांची चौकशी सुरू झाल्यावर पुरावा म्हणून त्याची निगा राखली. इनाम कमिशनला प्रत्येक सनद पारखायची होती, म्हणूनच इतके कागद एका जागी टिकले. रुमालांत बांधलेल्या या दफ्तरात दैनंदिन खर्चाच्या रोजकीर्दी, घडणी आणि प्रांतवार हिशेबांचे प्रांत अजमास असे विभाग आहेत. गावच्या अभ्यासकाला बहुधा प्रांत अजमासापासून सुरुवात करावी लागते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात संपादित केलेले ४५ खंड छापील रूपात मिळतात, पण त्यांत राजकारणाचा वाटा मोठा आहे. खेड्यांचे बहुतेक कागद अजून मोडीतच आहेत.

वि. का. राजवाडे यांनी घरोघर फिरून जमवलेले कागद १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने बावीस खंडांत प्रसिद्ध झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाडे यांच्या निधनानंतर धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकांत आणि संमेलनवृत्तांत खेड्यापाड्यांच्या महजरांचे लिप्यंतर सापडते. आपल्या तालुक्याचे नाव धरून त्यांच्या सूची चाळणे हा कमी खर्चात जास्त फळ देणारा मार्ग आहे.

मोडी वाचता आली तरी कालगणनेची अडचण राहते. कागदांवर शक, शुहूर, फसली, हिजरी किंवा राज्याभिषेक शक असतो. शुहूर सनात ५९९ किंवा ६००, फसलीत ५९० किंवा ५९१ आणि शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येतो. नेमक्या तारखेसाठी मोडकांच्या जंत्रीसारखे साधन लागते.

गोव्याची परंपरा वेगळी. १५२६ च्या ‘फोराल’मध्ये गावकऱ्यांच्या सामूहिक जमिनींचे रिवाज पोर्तुगीजांनी लिहून घेतले, आणि पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ सालची. तंजावरात मराठी माणसांच्या वस्तीचा पुरावा सरस्वती महालातील मोडी कागदांत आहे. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा विस्तृत मराठी शिलालेखही आहे.

मोजणी आणि महसूल

इंग्रजी अमलात गावाची नोंद नकाशावर आली. प्रिंगलची पहिली मोजणी फसली. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम सुरू केले. सर्व्हे नंबर, गावनकाशा, टिपण, फाळणी आणि आकारफोड हे भूमी अभिलेख कार्यालयातील कागद त्याच परंपरेतले. विसाव्या शतकातील हक्कनोंदीनंतर फेरफार आणि सातबारा आले. वाड्याची मूळ हद्द, बुजवलेला ओढा किंवा देवस्थानची जमीन शोधायची तर जुना गावनकाशा आणि आजचा सातबारा शेजारी ठेवून पाहावे लागतात. गावठाणातील घरे मात्र या मोजणीत बराच काळ स्वतंत्रपणे आलीच नाहीत. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जाऊ लागली.

महसुली नोंदी माणसांबद्दल किती सांगू शकतात, हे पुण्याजवळच्या दोन गावांत दिसते. डॉ. थॉमस कोट्स यांनी १८२० च्या सुमारास लोणीचे तपशीलवार वर्णन केले. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच लोणीकंदचा पुन्हा अभ्यास करून १९६० साली पुस्तक प्रसिद्ध केले. कृषितज्ज्ञ हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला. जुन्या नोंदींच्या आधारे त्यांनी दाखवले की १७७१ साली सरासरी चाळीस एकर असलेले शेत १९१४–१५ पर्यंत सात एकरांवर आले होते. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एकराहून लहान होते. आज तिथे पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारती उभ्या आहेत, त्यामुळे त्या शेतकरी गावाचा सर्वात भरीव पुरावा हा अहवालच आहे.

जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर हे पहिले हाताशी धरायचे पुस्तक. पुण्याचे तीन भाग १८८५ चे आहेत. १८७२ पासूनच्या जनगणना, स्वातंत्र्यानंतरच्या जिल्हा जनगणना पुस्तिका आणि त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) त्याला जोड देतात.

कागदाबाहेरचे

जमीन किंवा वतन नसलेल्यांची नोंद दफ्तरांत अपुरी आहे, स्त्रियांची तर फारच थोडी. ही उणीव भरायला जत्रेतले मानपान, पालखीचा मार्ग आणि ओव्या मदत करतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंची वंशावळ आणि मूळ गाव पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेले असते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी सांगतात. स्थलांतर शोधणाऱ्याला याहून थेट साधन क्वचितच मिळते.

जतनासाठी पुरावा

एखादी वास्तू दुरुस्त करण्यापूर्वी ती मूळची कशी होती, हे ठरवावे लागते. शनिवारवाड्याची लाकडी इमारत १८२८ च्या आगीत गेली. आज जोती आणि तट उरले असताना हिशेबी कागद आणि चित्रे हाच आधार आहे. थॉमस डॅनियल यांच्या १८०५ च्या दरबारचित्रात गणपती रंगमहालाचे अंतरंग दिसते. मंदिरांसाठी जेम्स बर्जेस आणि हेन्री कझिन्स यांच्या सर्वेक्षणातील छायाचित्रे व आराखडे मोलाचे आहेत. नंतरचा सभामंडप, बदललेले शिखर किंवा रंगवलेला दगड त्यांच्याशी ताडला की लगेच ओळखू येतो.

संरक्षणाचे मार्गही पुराव्यावरच चालतात. राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंना १९५८ चा कायदा लागू होतो आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यांच्याभोवती १०० मीटर निषिद्ध, तर पुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आहे. शहरांत विकास नियंत्रण नियमांतील वारसा यादी काम करते. मुंबईत १९९५ पासून ती तीन श्रेणींत आहे. या याद्यांत नसलेल्या बारवा, वेशी आणि वाडे यांची संख्या फार मोठी. त्यांच्यासाठी वास्तूचे मापन, छायाचित्रे, मिळकत पत्रिका, संबंधित महजर किंवा सनद आणि गावकऱ्यांची माहिती एकत्र करून ग्रामपंचायत, पुरातत्त्व संचालनालय आणि जवळच्या महाविद्यालयाकडे प्रती ठेवणे हे गावाला स्वतःच्या बळावर करता येते.

कामाचा क्रम साधारण असा असतो : गॅझेटियर आणि जनगणना पुस्तिका आधी, मग गावनकाशा घेऊन पायी पाहणी, नंतर मंडळाच्या छापील सूची आणि शेवटी मोडी रुमाल. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतात, त्यामुळे शेवटची पायरीही आवाक्यात आली आहे. घराण्यांच्या पेट्यांतील कागदांना मात्र थांबायला वेळ नाही. ओल, वाळवी आणि वाड्यांची विक्री यांत ते दरवर्षी कमी होतात, म्हणून बाकीच्या साधनांआधी त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवणे शहाणपणाचे.