अभिवाचन आणि एकटा श्रोता

मराठी कथेला आवाजाची सवय जुनी आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथाकथनाचे जे कार्यक्रम केले, त्यांमुळे छापील कथा सभागृहात नेता येते ही जाणीव रुजली. तथापि कथाकथन आणि आज पॉडकास्टवरून ऐकू येणारे अभिवाचन यांत मूलगामी भेद आहे. कथा ऐकताना लाभणाऱ्या निवांतपणाचा उलगडा त्या भेदातूनच होतो.

कथाकथनात कथा सांगितली जाते, वाचली जात नाही. सांगणारा पुष्कळदा स्वतः लेखकच असतो. हशा कोठे पिकतो हे पाहून तो थांबतो, एखादे वाक्य लांबवितो, एखादे गाळतो. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ किंवा पाटलांची ‘धिंड’ यांसारख्या कथांतील बोलीचा ठसका आणि चढत जाणारा प्रसंग सभेत खुलतो. ज्या कथेचे सामर्थ्य प्रसंगाहून वातावरणात अधिक, तिला मात्र व्यासपीठ फारसे मानवले नाही. धारवाडला राहून सभासमारंभांपासून दूर राहिलेल्या जी. ए. कुलकर्णींची दीर्घ, प्रतिमांनी भारलेली वाक्ये शेकडो श्रोत्यांसमोर पेलणे कठीणच. मध्येच कोणी खोकले तरी त्यांचा पीळ सुटावा.

पॉडकास्टच्या श्रोत्याला शेजारी नसतो. रात्री दिवा मालवून तो ऐकतो तेव्हा आवाज थेट कानाशी असतो. मूकवाचनात डोळा पुढे धावतो, वर्णने ओलांडतो, किती पाने उरली ते चाचपतो. ऐकताना हे स्वातंत्र्य सहसा वापरले जात नाही. वेग दुसऱ्याच्या स्वाधीन होतो आणि मन सैलावते. कथा शोकात्म असली तरी हा विसावा उणावत नाही, कारण तो कथेच्या आशयात नसून तिच्या गतीत असतो. या सुखाचे नाते आजीच्या गोष्टीशी जोडण्याची प्रथा आहे, पण ते अर्धेच खरे. आजी नातवाच्या हुंकारावर गोष्ट पुढे नेते. ध्वनिमुद्रित आवाज हुंकाराची वाट पाहत नाही. श्रोत्याला झोप लागली तरी त्यात कोणाचा अवमान नाही!

कोलकात्याच्या रेडिओ मिर्चीवर २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘संडे सस्पेन्स’ या बंगाली कार्यक्रमाने निराळी वाट धरली. तेथे सत्यजित राय प्रभृतींच्या कथा अनेक नटांच्या आवाजांत, संगीताच्या साथीने सादर होतात. कथा नाटकाकडे झुकते. एका आवाजातील साधे अभिवाचन हा मोह टाळते. म्हणूनच जी. एं.च्या वळणाच्या कथेला सभागृहाने न दिलेली जागा एकट्या श्रोत्याच्या कानात मिळू शकते.

अर्थात त्यात एक जोखीम राहतेच. छापील पानावर एखादे वाक्य उपरोधाचे की करुणेचे, हा प्रश्न खुला राहू शकतो. अभिवाचकाला ते कोणत्या ना कोणत्या स्वरात उच्चारावेच लागते, आणि मागे वळून पाने चाळण्याची सवय सुटलेला श्रोता तोच स्वर लेखकाचा समजतो.