घरातलं लाकूड (लेखांक ६) : सागाशेजारचा बिजा

मेळघाटात सागाच्या सोबतीनं वाढणारं, पण अमरावती-अकोल्याच्या लाकूडबाजारात गिऱ्हाइकाच्या नजरेतून सुटणारं लाकूड म्हणजे बिजा. कोकणाकडे हाच बिवळा. पापडासारखी गोल, चपटी, मधोमध बी असलेली फळं ही झाडाची खूण. सालीला चीर दिली की लाल डिंक पाझरतो.

फळीवर मात्र यातलं काहीच उरत नाही. पिवळसर तपकिरी बिजा पॉलिश चढल्यावर सागासारखा दिसतो, म्हणून रंगावर जाऊ नका. हातात तोलून बघा. वाळलेल्या सागाचं घनफूट साधारण १८ किलो भरतं, बिज्याचं २२-२३. सागाला चामड्यासारखा वास असतो आणि तो बोटांना तेलकट लागतो. बिज्याला तसा वास नाही.

शंका उरलीच तर मूठभर ताजा भुसा काचेच्या पेल्यात भिजवा. पाणी सोनेरी होतं, आणि उन्हात काळ्या कापडापुढे धरलं की कडेला निळी झाक चमकते. ही झाक बघण्यासारखी आहे! मेक्सिकोतल्या एका वेगळ्याच लाकडाच्या पाण्यातली अशीच निळाई स्पेनचे वैद्य मोनार्देस यांनी १५६५ मध्ये लिहून ठेवली होती. आपल्याकडे मधुमेहासाठी बिज्याच्या पेल्यातलं पाणी पितात. त्यावर विसंबून डॉक्टरांचं औषध मात्र कुणी थांबवू नये.

पाण्याला रंगवणारा हा गुण सुताराला त्रास देतो. ओल लागली की बिजा पिवळा रंग सोडतो आणि चुन्याच्या भिंतीवर डाग पडतात. म्हणून चौकट बसवण्याआधीच तिला सगळ्या बाजूंनी सीलर द्या. पलंगाच्या पायांचे तळही विसरू नका.

रंध्याखाली हे लाकूड हट्टी आहे. तंतू एका थरात एकीकडे, तर पुढच्या थरात उलट कललेले असतात. गुळगुळीत चाललेला रंधा मध्येच लाकूड उपटतो. पातं धारदार हवं, काप अगदी पातळ घ्यावा, रंधा थोडा तिरका धरावा आणि शेवटचा हात पॉलिश पेपरनं मारावा. खिळ्याआधी गिरमिटानं भोक पाडा, नाहीतर फळी चिरते.

वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात ओली फळी टोकांकडून तडकते. सावलीत, मध्ये पट्ट्या घालून थप्पी लावा आणि टोकांना रंग फासा. टेबलाची रुंद फळी सांगाड्याला घट्ट जखडू नका, स्क्रूची भोकं लांबट ठेवा; मे महिन्यात आकसलेली फळी पावसाळ्यात फुगणारच.

जंगलातला बिजा कमी होत चालला आहे. त्यामुळे नवा घेताना वन विभागाचा वाहतूक परवाना आणि ओंडक्यावरचा हातोड्याचा ठसा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. माझा कौल पाडलेल्या जुन्या घरातल्या लाकडाला आहे. ते वर्षानुवर्षं वाळून स्थिरावलेलं असतं. फक्त करवतीला लावण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा, कारण मोडके खिळे आत दडलेले असतात.