काडीवर ओवायचं फळ

जून सरता सरता स्वीडनमध्ये रानस्ट्रॉबेरी पिकायला लागते आणि पोरं जंगलाच्या कडेला, जुन्या दगडी बांधांवर, गाडीवाटेच्या उतारावर ओणवी होऊन गवत चाळू लागतात. बरोबर डबा नसला तरी अडत नाही. टिमथी गवताची लांब काडी उपटायची, तुरा खालच्या अंगाला ठेवायचा म्हणजे फळ निसटत नाही, आणि वेचलेलं एकेक फळ तिच्यात ओवत जायचं. रान कुणाच्या मालकीचं, हे विचारावं लागत नाही. निसर्गात मोकळं हिंडायचा, रानफळं वेचायचा हक्क तिथे सगळ्यांना आहे. १९९४ पासून राज्यघटनेतही त्याची नोंद आहे. कुणाच्या घरच्या अंगणात मात्र शिरायचं नाही.

फळ वजनाला जेमतेम ग्रॅमभर. पिकलं की चिमटीत फुटेल इतकं मऊ होतं, आणि तोडल्यावर पुढे पिकत नाही. त्यामुळे जरा कच्चं काढून दूरच्या बाजारात धाडायची सोयच नाही. ते खायचं तर आपणच त्याच्यापाशी जायचं.

आणि तोंडात टाकण्याआधी एकदा निरखून पाहायचं, कारण ज्याला आपण फळ म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं फळ नाहीच! बाहेरून चिकटलेले, दाताखाली येणारे ते बारीक दाणे ही खरी फळं. प्रत्येकात एकेक बी. लाल गर म्हणजे फुलाचं फुगलेलं बूड. त्याला फुगवतात तेही हे दाणेच. १९५० मध्ये झाँ नित्श या शास्त्रज्ञानं कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे दाणे काढून टाकले, तर गराची वाढ थांबली. मोजके दाणे ठेवले, तर गर त्यांच्याभोवतीच वाढला. सगळे काढून तिथे ऑक्सिन या संप्रेरकाचा लेप दिला, तर दाण्यांवाचूनही गर फुगला. एका बाजूला आक्रसलेली स्ट्रॉबेरी बाजारात दिसते ना, तिच्या त्या बाजूच्या दाण्यांपर्यंत बहुधा पराग पोचलेलेच नसतात.

बाजारातली ही मोठी स्ट्रॉबेरी आली कुठून? फ्रेझिए नावाचा फ्रेंच अभियंता दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करायला गेला होता. १७१४ मध्ये परतताना त्यानं चिलीतली टपोऱ्या फळांची रोपं जहाजातून जिवंत आणली. पण ती सगळी मादी फुलांची. शेजारी उत्तर अमेरिकेतली दुसरी एक जात लावली गेली तेव्हा कुठे फळं धरली, आणि या दोघींच्या संकरातून आजची बागायती स्ट्रॉबेरी जन्मली. हा संकर ओळखून दाखवला आंत्वान दुशेन या मुलानं, १७६६ च्या आपल्या पुस्तकात. तेव्हा तो विशीचाही नव्हता.

युरोपातल्या रानस्ट्रॉबेरीच्या पेशीत १४ गुणसूत्रं असतात, बागायती स्ट्रॉबेरीच्या पेशीत ५६. या छप्पनमध्ये अनेक प्राचीन जातींचा वारसा एकत्र आलेला आहे आणि त्यातला एक धागा थेट या रानजातीच्या कुळाशी जाऊन मिळतो. म्हणजे महाबळेश्वरच्या मळ्यात गादीवाफ्यावर लालबुंद लोंबणाऱ्या स्ट्रॉबेरीतही ते रान आहे.

नाही तो वास. रानस्ट्रॉबेरीच्या गंधात मिथिल अँथ्रानिलेट नावाचं एक द्रव्य असतं, तेच आपल्या मोगऱ्यातही असतं! आकार, टिकाऊपणा, उत्पन्न यांच्या मागे लागून निवड करत गेलेल्या बहुतेक बागायती वाणांत ते उरलेलंच नाही. मला हा सौदा महागातला वाटतो.

या वासामुळेच रानस्ट्रॉबेरी शिजवायला जीव होत नाही. जॅम करतात, पण थोडी साखर घालून चेचलेली फळं आणि वर गार दूध, एवढंच तिला पुरतं. मध्य युरोपात कोल्ह्यांमार्फत पसरणाऱ्या फीतकृमीची भीती असते, म्हणून जमिनीलगतची फळं नीट धुऊन घ्यायला सांगतात. पानं पूर्ण वाळवून चहा करतात. त्यांतल्या टॅनिनमुळे तो तुरट लागतो आणि पोट बिघडल्यावर पाजायची जुनी रीत आहे. सजीवांना दोन पदी नावं देण्याची पद्धत रुजवणारा लिनियस तर आपली गाउटची व्यथा रानस्ट्रॉबेरी खाऊनच हटली असं मानायचा.

हिमालयात उन्हाळ्यात ट्रेकला जाणाऱ्यांनी मात्र स्वीडनची वाट पाहू नये. तिथे हिचीच सख्खी बहीण उगवते. नेपाळात तिला भुईं ऐसेलु म्हणतात. वाटेच्या कडेला तीन-तीन दातेरी पर्णिका दिसल्या की फूल शोधा. पिवळं असेल तर ती नकली स्ट्रॉबेरी: फळ आकाशाकडे तोंड करून उभं, विषारी नाही, पण अगदी पाणचट. तिच्या एका शास्त्रीय नावात त्या दुशेनचंच नाव आहे. फूल पांढरं आणि फळ खाली लवलेलं असेल, तर बसकण मारा.