थांबविण्याची कळ

सायंकाळीं देवापुढें दिवा लागतो, परवचा आटोपते, आणि घरांतील धाकटें मूल आजीच्या मांडीला टेकून मोबाईल घेऊन बसतें, हा देखावा आतां घरोघरीं दिसतो. पडद्यावर कोणी शिक्षक अपूर्णांक समजावून देत असतो. मध्येंच आजी म्हणते, "अरे, थांबव जरा. त्या पोळीचे भाग त्यानें कसे केले, तें मला पुन्हां दाखव." नातू पडद्यावर बोट टेकवितो आणि चित्र थांबतें, बोट थोडें मागें सरकवितो आणि शिक्षक पुन्हां पोळी कापूं लागतो. आजीचें समाधान होतें, आणि नातवालाहि तो भाग दुसऱ्या वेळीं अधिक नीट कळतो. या साऱ्या प्रसंगांत जिच्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं, ती म्हणजे पडद्याच्या तळाशीं असलेली ती इवलीशी कळ. ती आपोआप तेथें उगवलेली नसते. कोणी तरी विचार करून ती त्या जागीं, तेवढ्या आकाराची ठेविलेली असते.

इंटरनेटवरील हालत्या चित्रांची आणि त्यांच्या कळांची मांडणी हा आजच्या लेखाचा विषय आहे. तो प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. परंतु आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे, मुली आणि सुना पुण्या-मुंबईस किंवा परदेशीं याच धंद्यांत आहेत, आणि त्यांनीं टेबलाशीं बसून घडविलेली कळ चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतील एखादें मूल दाबीत असतें. तेव्हां हा प्रश्न आपल्या घरचा आहे, आणि त्या दूरच्या घरचाहि आहे.

चित्र हालविण्याची हौस आपल्याकडे नवी नाहीं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं १८९२ सालीं 'शांबरिक खरोलिका' या नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें, मागें दिवा, पुढें भिंग आणि समोर पांढरा पडदा, अशी ती योजना. अशा कंदिलाच्या कांहीं चित्रांत एकावर एक दोन कांचा बसवीत. वरची कांच सरकविली कीं चित्रांतील आकृति हालली असें वाटे. कांच सरकविणारा हात माणसाचा असल्यामुळें सभा हंसली तर क्षणभर थांबतां येई, आणि मुलें ओरडलीं तर तेंच चित्र पुन्हां दाखवितां येई.

त्यानंतर वीस वर्षांनीं दादासाहेब फाळक्यांनीं रोपट्याच्या वाढीचें एक लहानसें चित्र तयार केलें. कुंडींत बीं पेरून त्यांनीं महिनाभराहून अधिक काळ दिवसागणिक त्याचीं छायाचित्रें घेतलीं, आणि तीं पडद्यावर एकामागून एक धांवतांच प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत अंकुर फुटून वेल चढूं लागला. पुढें १९१५ सालीं त्यांनीं 'अगकाड्यांची मौज' हें चित्र केलें. काडी किंचित् हालवावी, एक चित्र घ्यावें. पुन्हां किंचित् हालवावी, पुन्हां एक घ्यावें. असें करतां करतां निर्जीव काड्या खेळूं लागल्या. या खटाटोपांत सरस्वतीबाईंचा वांटा केवढा होता हेंहि येथें सांगितलें पाहिजे. घरचें सर्व सांभाळून कोऱ्या फिल्मला अंधारांत भोंकें पाडण्याचें आणि ती धुण्याचें काम त्या करीत. आज संगणकावर एखादा चेंडू उड्या मारतांना दिसतो, त्याचें मूळ तत्त्वहि तेंच आहे. पडद्यावर केवळ स्थिर चित्रें असतात. चेंडू उडाला असें ठरवितें तें पाहणाराचें मन.

मात्र सिनेमानें एक गोष्ट दिली आणि एक नेली. त्यानें चित्राला गति दिली, आणि थांबविण्याचा अधिकार प्रेक्षकाकडून काढून घेतला. अंधारांत बसावें आणि चित्र जसें धांवेल तसें पाहावें, एवढेंच त्याच्या हातीं उरलें.

तो अधिकार प्रेक्षकांनीं जेथें अजून सोडलेला नाहीं, असा एक प्रदेश महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाला आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील धानाच्या व रानाच्या मुलुखास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी सरली, धान घरांत आलें, कीं तेथें गांवोगांवीं मंडप पडतात आणि पहांटेपर्यंत नाटकें चालतात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें या नाटकमंडळ्यांचें मुख्य ठाणें. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां शहरांतील पुष्कळांना तिचें नांव प्रथम ऐकूं आलें. तेथें गाणें रंगलें कीं मंडपांतून 'वन्समोअर'ची आरोळी उठते आणि नट पुन्हां गातो. खेळ कोठें थांबावा आणि कोठें मागें जावा यांत प्रेक्षकाचाहि शब्द चालतो. आमच्या मतें व्हिडिओखालची 'मागें न्या' ही कळ म्हणजे त्या आरोळीचेंच नवें रूप होय.

आतां त्याच मंडपांतील मुलाच्या हातीं मोबाईल आला आहे. त्यावर जें दिसतें त्याचा थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. १९९६ सालीं निघालेल्या 'फ्लॅश' नांवाच्या साधनानें इंटरनेटवरील पानांत हालतीं चित्रें, खेळ आणि व्हिडिओ आणले. २००५ सालीं सुरू झालेलें यूट्यूबहि प्रारंभीं त्याच्याच आधारें चाले. परंतु तें एका कंपनीच्या मालकीचें होतें, आणि मोबाईलवर तें नीट चालत नसे. २०१४ सालीं 'एचटीएमएल ५' हें सर्वांसाठीं खुलें असलेलें प्रमाण ठरलें; त्यामुळें व्हिडिओ दाखविण्याची सोय ब्राउझरमध्येंच आली. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं संपला. एका पिढीनें हौसेनें बनविलेले मुलांचे असंख्य खेळ त्याबरोबर मुके झाले, आणि त्यांतील कांहीं 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेनें दुसऱ्या साधनानें पुन्हां चालते केले. यांतून बोध इतकाच कीं, मुलांसाठीं जें टिकावें असें वाटतें, तें एकाच मालकाच्या कुलपांत ठेवूं नये.

व्हिडिओ मोबाईलपर्यंत कसा येतो, हेंहि समजून घेण्याजोगें आहे. तो सबंध एकदम येत नाहीं. त्याचे कांहीं सेकंदांचे तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा बारीक व ठळक अशा निरनिराळ्या प्रतींत ठेविलेला असतो. नेटवर्क चांगलें असेल तर ठळक प्रत येते, तें मंदावलें कीं पुढचा तुकडा बारीक प्रतीचा येतो. तळाच्या रेघेवर फिकट रंगाची जी पट्टी पुढें सरकते, ती म्हणजे येऊन पडलेला, पण अद्याप न पाहिलेला सांठा. कोठारांत धान्य किती उरलें हें गृहिणीला जसें एका दृष्टींत कळावें, तसें पाहणाराला त्या पट्टीवरून कळलें पाहिजे.

थोडा हिशेब करूं. दहा मिनिटांचा धडा सेकंदाला २० लाख बिट या मापानें पाठविला तर १५० एमबी खर्च होतात. तोच ५ लाख बिट या मापानें पाठविला तर सुमारें ३७ एमबी लागतात. नुसता आवाज ४८ हजार बिटनें पाठविला, तर सुमारें ३.६ एमबींत काम भागतें. पुण्यांत या आंकड्यांतील फरक कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. परंतु गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनानें व्यापलेला आहे. दुर्गम भागांत टॉवर विरळ आहेत. आणि पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षें आपण वाचीत आलों आहोंत. तेथें घरांत बहुधा एकच मोबाईल असतो, आणि तोहि वडील कामावरून परतल्यावर मुलाच्या हातीं येतो. त्या अर्ध्या तासांत पडद्यावर नुसतें चक्र फिरत राहिलें, तर त्या दिवसाचा धडा बुडाला. 'नुसतें ऐका' आणि 'उतरवून ठेवा' या दोन कळा तेथें चैनीच्या नव्हेत. धडा होणें न होणें त्यांवर अवलंबून आहे.

यावर आणखी एक उपाय आहे. पंगतीचें अन्न शिजवून पन्नास कोस नेण्यापेक्षां शिधा पाठवावा आणि तेथेंच चूल पेटवावी, हें आपल्या घरांतील वडील मंडळी जाणतात. हालत्या चित्रांचेंहि तसेंच आहे. चेंडू उडण्याचा व्हिडिओ म्हणजे शिजलेलें अन्न. उलट, 'येथें वर्तुळ काढ, तें इतकें वर ने, खालीं येतांना थोडें चेपट कर' एवढ्या सूचना पाठविल्या, तर मोबाईल स्वतःच चित्र काढतो, आणि तेंहि कोणत्याहि आकारांत रेखीव दिसतें. असा शिधा कित्येकदां एका छायाचित्राहूनहि हलका असतो. शिवाय तो मुलाच्या बोटाला उत्तर देऊं शकतो. मोहाचीं फुलें वेंचून टोपलींत घालण्याचें चित्र काढलें, आणि प्रत्येक फूल बोटानें उचलून टाकतांच वर आंकडा वाढला, तर फुलाच्या हंगामांत पहांटे आईबरोबर रानांत जाणाऱ्या मुलाला ती बेरीज परकी वाटणार नाहीं.

खेळकर चित्रांनाहि मात्र मर्यादा हवी. याकोब निल्सन यांनीं १९९३ सालीं वेळेचें एक माप सांगितलें. दशांश सेकंदांत उत्तर आलें तर आपण दाबलें आणि लागलीच झालें असें वाटतें; एक सेकंद लागला तर विचाराचा धागा कसाबसा टिकतो; दहा सेकंदांनंतर मन दुसरीकडे जातें. म्हणून बोट लागतांच कळ किंचित् दबलेली दिसावी, हें सजावटीचें काम नाहीं. हांकेला दिलेली ती 'ओ' आहे. परंतु चित्र उगीच नाचत राहिलें तर तें अपायकारकहि होतें. १६ डिसेंबर १९९७ रोजीं जपानांत दूरदर्शनवरील एका व्यंगचित्रमालेंत लाल-निळा प्रकाश झपाट्यानें लुकलुकला आणि शेकडों मुलांना इस्पितळांत न्यावें लागलें. इंटरनेटचीं प्रमाणें ठरविणाऱ्या संस्थेनें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमांत म्हटलें आहे कीं, कोणतीहि वस्तु एका सेकंदांत तीनांहून अधिक वेळां लुकलुकूं नये, आणि आपण होऊन सुरू झालेली हालचाल पांच सेकंदांहून अधिक चालणार असेल, तर ती थांबविण्याची सोय असावी. ज्यांना हालत्या चित्रांनीं घेरी येते, त्यांच्यासाठीं मोबाईलच्या सेटिंगमध्यें हालचाल कमी करण्याची सोय असते. घरांतील वृद्धांच्या मोबाईलवर ती आजच पाहून घ्यावी.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. या रानांत मराठीबरोबर गोंडी आणि माडिया बोलल्या जातात. मसराम गोंडी लिपीला २०१७ सालीं आणि गुंजाळा गोंडी लिपीला २०१८ सालीं युनिकोडमध्यें स्थान मिळालें. म्हणजे त्या अक्षरांना संगणकावर आपापले ठरलेले क्रमांक मिळाले. पण क्रमांक मिळाल्यानें कळेवर शब्द उमटत नाहीं. तो कोणी तरी लिहावा लागतो. हेमलकशास १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हां तेथें गेलेल्यांना आधीं माडिया भाषा शिकावी लागली. रानांतील माणसाशीं बोलावयाचें तर त्याच्या भाषेंत बोलावें, ही शहाणीव पन्नास वर्षांपूर्वीं झोंपडींत आली. ती मोबाईलच्या पडद्यावर अजून पुरतीं आलेली नाहीं.

शेवटीं एक गोष्ट स्पष्टपणें सांगावीशी वाटते. एक व्हिडिओ संपतांच न विचारतां दुसरा सुरू व्हावा, आणि तो बंद करण्याची कळ शोधूनहि सांपडूं नये, अशीहि मांडणी हल्लीं बुद्ध्या केली जाते. जितका वेळ मूल पाहील तितका मालकाचा लाभ, हें त्यामागील गणित. कल्याणचा कंदीलवाला सभेकडे पाहून हात थांबवीत असेल; येथें हात थांबूं नये म्हणून पगारी माणसें बसविलेलीं आहेत. त्या माणसांत कदाचित् आपलाच मुलगा किंवा सून असेल. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. नोकरींत प्रत्येक गोष्ट आपल्या हातीं नसते. पण जेवावयास बसलेल्या घरच्या मुलाला त्यांनीं इतकेंच विचारावें: "तूं केलेली कळ माझ्या आईला सांपडेल काय? जुन्या मोबाईलवर, एका कांडीच्या नेटवर्कवर, भामरागडच्या शेवटच्या घरांत ती चालेल काय?" पुढचें काम हातावेगळें करण्याआधीं त्यानें जुना मोबाईल घेऊन, नेटवर्क मुद्दाम मंद करून, तें एकदां स्वतः चालवून पाहावें. या परीक्षेस फार तर एक दुपार लागते.

चित्राला जीव आणणें ही मोठी विद्या आहे, आणि तिचा वारसा फाळक्यांनीं आपल्याला दिलेला आहे. पण चालतें चित्र योग्य वेळीं थांबवितां येणें, हा पाहणाराचा अधिकार आहे. ती कळ ठळक असावी, तिच्यावरचा शब्द त्याच्या भाषेंतला असावा, आणि ती आजीच्या थरथरत्या बोटालाहि लागेल एवढी मोठी असावी.