मंडळाचे सामायिक कॅलेंडर

मंडळाचा कार्यक्रम कधी आणि कुठे, ही नोंद एकाच जागी करायची आणि ती संकेतस्थळावरही दिसावी, सभासदांच्या फोनमध्येही उतरावी, यासाठी सामायिक ऑनलाइन कॅलेंडर असते. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले निमंत्रण दोन दिवसांत वर सरकते; ऐनवेळी सभागृह बदलले की जुना आणि नवा असे दोन्ही निरोप फिरत राहतात. कॅलेंडरात मूळ नोंद दुरुस्त केली की पुरते.

हे साधते ‘आयकॅलेंडर’ या खुल्या मानकामुळे. ते १९९८ साली प्रसिद्ध झाले, २००९ साली सुधारले गेले. गूगल, अ‍ॅपल, आउटलुक या तिघांनाही त्याची ‘आयसीएस’ फाइल वाचता येते. म्हणून पहिली कसोटी हीच: सगळ्या नोंदी या फाइलीत बाहेर काढता येतात का? येत नसतील, तर ती सेवा कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

लहान मंडळाला गूगल कॅलेंडर पुरते. ते फुकट आहे आणि त्याच्या सेटिंगमधला कोड संकेतस्थळाच्या पानात चिकटवला की महिना दिसू लागतो. दुसरा पर्याय नेक्स्टक्लाउडचा; ते मंडळाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. पण सर्व्हर सांभाळणारा जाणकार मंडळात हवाच.

खाते मात्र मंडळाच्या नावाने उघडावे. ते सचिवांच्या खासगी ईमेलवर असले, तर कार्यकारिणी बदलताच कॅलेंडर अडकते. बदलाचे अधिकार दोघा-तिघांना, बाकीच्यांना फक्त पाहण्याची मुभा. सार्वजनिक कॅलेंडर सगळे जग वाचते. भजन कुणाच्या घरी असेल, तर त्या घराचा पत्ता आणि फोन नंबर त्यात लिहू नये.

परदेशात सभासद असतील, तर टाइम झोन आधी तपासावा. पुण्यातले संध्याकाळी ७ चे व्याख्यान न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला, तर हिवाळ्यात साडेआठला सुरू होते. नोंद भारतीय वेळेत केली, की हा फरक कॅलेंडर स्वतःच सांभाळते.

‘दर महिन्याचा दुसरा रविवार’ ही नोंद एकदाच करून भागते. संकष्टीचे तसे नाही. ती तिथी आणि चंद्रोदय यांवर ठरते, आणि चंद्रोदय गावोगावी वेगळा. त्यामुळे वर्षाच्या सगळ्या संकष्ट्या आपल्या गावाचे पंचांग समोर ठेवून हातानेच भराव्या लागतात.